दुष्काळ हे परमेश्वराचे शासन म्हणावे काय?



सोलापूर जिल्ह्यातील मनुष्याला दुष्काळाची ओळख करून द्यावी लागत नाही. पश्चिमेचे ढग सह्याद्रीवर रिते होऊन पुढे सरकतात, तेव्हा आमच्या वाट्याला वर्षाकाठी सरासरीने साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस येतो, आणि तोही लहरी. हस्ताचा पाऊस साधला तर मंगळवेढ्याच्या काळ्या रानात शाळू उभा राहतो. न साधला तर दावणी रित्या होतात. १८७६-७७ च्या दुष्काळात या जिल्ह्यातील माणसे आष्टीच्या तलावाच्या कामावर माती वाहत होती. १९७२-७३ मध्ये त्यांची पतवंडे पाझर तलावांवर आणि सडकांवर खडी फोडीत होती. अशा भूमीत “देव कोपला” हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आले असल्यास नवल नाही. आपली उपदेशी मंडळी तेच वाक्य जरा शास्त्रीय शब्दांत विचारतात: “बाबा, हे परमेश्वराचे शासन समजावे काय? आणि शासन असेल तर मग आशा कोणाची धरावी?” सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला मोठा पूर आला, काठच्या गावांत पाणी शिरले, उभी पिके आणि ठिकठिकाणी पिकाखालची मातीही वाहून गेली. ज्यांनी आयुष्यभर पाण्यासाठी आभाळाकडे पाहिले, त्यांच्या तोंडून तेव्हा हाच प्रश्न पुन्हा ऐकू आला.

प्रश्न वरवरचा नाही. “होय, हे शासनच आहे” असे उत्तर दिले तर ज्याचे घर वाहून गेले त्यास आपण परमेश्वराचा अपराधी ठरवितो. “नाही, परमेश्वराचा याच्याशी काही संबंध नाही” असे म्हटले तर संकटाच्या वेळी त्यास एकटा सोडून आपण निघून जातो. दोन्ही उत्तरे देण्यास सोपी आहेत. दोन्ही आपल्या मार्गाची नव्हेत, असे माझे मत आहे, आणि ते का, हे क्रमाने पाहू.

प्रथम शास्त्राची मांडणी आठवावी. ब्रह्मविद्येत जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर असे चार पदार्थ सांगितले असून ते परस्परांहून भिन्न आहेत. जीव बद्धमुक्त, देवता नित्यबद्ध, प्रपंच अनित्य, आणि परमेश्वर तेवढा नित्यमुक्त. जीवाने केलेल्या कर्माचे फळ देवतांच्या द्वारे भोगास येते. परमेश्वर हा भोग वाटणारा नव्हे. तो जीवास भोगाच्या फेऱ्यातून सोडविणारा आहे. जीवोद्धरणाचे त्याला व्यसनच आहे, असे आपले आचार्य मानीत आले. आता एका पदार्थाचे कार्य दुसऱ्यावर आरोपिणे यालाच अन्यथाज्ञान म्हणतात. ढग कोठे रिते होतात, नदी कोणत्या काठाने फुटते, ही प्रपंचाची हालचाल आहे. ती हालचाल पाहून “परमेश्वर कोपला” असे म्हणणे हे दुःखाच्या भरात सुचलेले असले, तरी अन्यथाज्ञानच होय. दुःखी माणसाच्या तोंडी ते क्षम्य आहे. व्यासपीठावर बसून शास्त्र सांगणाऱ्याच्या तोंडी ते क्षम्य नाही.

येथे कोणी म्हणेल, “परमेश्वराचे शासन नसेल, पण कर्माचे फळ तर आहे ना? मग गावाने पाप केले असे म्हणण्यास प्रत्यवाय काय?” प्रत्यवाय असा की कर्माचा विचार शास्त्राने सांगितला तो ज्याने त्याने स्वतःला लावण्यासाठी. कोणत्या जीवाचे कोणते कर्म कोठे फळले हे जाणणे सर्वज्ञाचे काम आहे. दुसऱ्याच्या कर्माचा हिशेब आपण मांडू लागलो की जे आपल्या अधिकारात नाही ते हाती घेतले, असे होते. पूरग्रस्त गावात जाऊन “हे तुमच्या पापांचे फळ” असे निरूपण करणारे निरूपणकार सर्वच संप्रदायांत आढळतात. आपणही त्यातून सुटलेलो नाही. ओल्या भिंतीला टेकून बसलेल्या माणसाला सिद्धांत ऐकविण्याची एवढी घाई कशाची असते, हे मला आजवर उमगलेले नाही.

तर मग परमेश्वराचे शासन अशी काही वस्तूच नाही काय? आहे, आणि ती पाहण्यासाठी ऋद्धिपुरास जावे लागते. श्रीगोविंदप्रभूंच्या लीळा प्रथमच वाचणारा मनुष्य गोंधळून जातो. श्रीप्रभू क्षणात लहान मुलासारखे खेळतात, क्षणात रागावतात; कधी कठोर बोलतात, कधी ताडनही करतात. गावातील लोक त्यांना वेडे म्हणत. सन्निधानातील भक्तांनी मात्र त्या ताडनाला प्रसाद मानले. हे त्यांचे भाबडेपण होते असे कोणी म्हणेल, तर त्याने त्या भक्तांत कोण कोण होते ते पाहावे. तेथे भटोबास होते, ज्यांनी पुढे सगळा मार्ग सांभाळला. तेथे म्हाइंभट होते, जे विद्येचा अभिमान घेऊन श्रीचक्रधरस्वामींशी वाद करण्यास आले होते आणि नंतर एकेका लीळेची खातरजमा करीत हिंडले. तेथे महदाइसा होत्या, ज्या प्रश्न विचारल्याशिवाय काहीच मान्य करीत नसत. अशी माणसे मार खाऊन गप्प बसणारी नव्हेत. त्यांनी त्या शासनात काही ओळखले होते.

काय ओळखले? लीळा पुन्हा पुन्हा वाचल्यावर एक गोष्ट स्पष्ट दिसते. हे शासन जवळच्याला केलेले आहे. ते तोंडावर केलेले आहे, ज्याला केले त्याला ते कोणी केले हे ठाऊक आहे, आणि ज्या हाताने ताडन केले तोच हात थोड्या वेळाने प्रसाद देतो. दूरच्या अनोळखी गावावर, झोपलेल्या लेकरांवर, मुक्या गुरांवर रात्री येऊन कोसळणारे असे ते नाही. श्रीचक्रधरस्वामींच्या लीळांतही हेच आहे. शिकाऱ्यांनी पाठलाग केलेला ससा त्यांच्या आश्रयाला आला, तेव्हा त्यांनी त्याला अभय दिले आणि शिकाऱ्यांना जीवहत्येपासून वळविण्यासाठी गोष्ट सांगितली. सशाच्या पूर्वकर्माची चौकशी तेथे झाली नाही. भ्यालेल्याला आश्रय आणि समर्थाला बोध, असा तो क्रम आहे. आपण पुष्कळदा नेमके उलटे करतो.

दुष्काळाच्या प्रश्नाला सर्वांत जवळची लीळा ऋद्धिपूरचीच आहे, आणि ती आपल्या पारायणात असूनही या संदर्भात तिचा उल्लेख क्वचितच होतो. गावातील मातंगांना पाणी नव्हते. ते श्रीप्रभूंकडे आले, आपली तहान सांगितली, आणि मायबाप म्हणून त्यांना विनविले. श्रीप्रभूंनी ती विनवणी स्वीकारली, जागा दाखविली. तेथे खणले तेव्हा पाणी लागले. लीळा एवढीच. आता जो म्हणतो की पाण्याचा दुष्काळ हे परमेश्वराचे शासन आहे, त्याने या लीळेचा अर्थ लावून दाखवावा. ज्याने शिक्षा दिली त्यानेच ती मोडली असे त्याला म्हणावे लागेल. आणि मग १९७३ साली पाझर तलाव खणणारे हात परमेश्वराविरुद्ध बंड करीत होते असेही म्हणावे लागेल. कारण तहान हे शासन असेल तर विहीर हा अपराध ठरतो. या निष्कर्षापाशी कोणताही शहाणा मनुष्य थांबणार नाही. म्हणून पूर्वपक्षच टाकावा लागतो. ज्या श्रीप्रभूंनी आपल्या भक्तांना ताडन केले त्यांनीच तहानलेल्यांना पाणी दाखविले, या दोन्ही गोष्टी एकत्र धरल्या म्हणजे परमेश्वराच्या प्रवृत्तीचे रूप हाती येते. दृष्टांतपाठात हत्ती चाचपणाऱ्या आंधळ्यांचा दृष्टांत आहे. ताडनाचीच लीळा तेवढी धरून बसणारा आणि पाण्याचीच तेवढी धरून बसणारा, दोघेही त्या आंधळ्यांच्या पंक्तीतले.

मग दुष्काळात शासन असतेच कोठे? याचे उत्तर मला एका वृद्ध वासनिक बाईंकडून मिळाले, ते कोणत्याही टीकाग्रंथातील उत्तराइतकेच प्रमाण वाटते म्हणून येथे देतो. बाई बार्शीकडच्या. १९७०-७१ पासून पाऊस रुसलेला, १९७२ साली तर खरीप आणि रब्बी दोन्ही गेली. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात सुमारे ५० लक्ष माणसे दुष्काळी कामांवर होती. त्यांत ही एक नवी लग्न झालेली सून. दिवसभर खडी फोडायची, कामावर लेकरांना सुकडी मिळे, आणि रेशनवर परदेशातून आलेली ती तांबडी मिलो. “हातोड्याबरोबर नाव घ्यायची सवय लागली,” बाई म्हणाल्या. “एक घाव, एक नाव. देव मारतो आहे असं एकदासुद्धा मनात आलं नाही. दगड मी फोडत होते, देव माझ्याबरोबर उन्हात बसला होता, असंच वाटायचं.”

मग एके दिवशी संध्याकाळी शेजारची बाई मिलो मागण्यास आली. घरात पायलीभर झाकून ठेवलेली होती. यांनी “नाही” म्हणून सांगितले. “त्या रात्री बाबा, नाव घेता येईना. तोंडात येई आणि परत जाई. दुसऱ्या दिवशी हातोडा उचलला तरी येईना. तेव्हा कळलं, हा मार आहे.” तिसऱ्या दिवशी त्या निम्मी मिलो पदरात घेऊन शेजारणीकडे गेल्या, आणि काल खोटे बोलले असे तिला सांगितले. शेजारीण काय म्हणाली? “काही नाही. दळायला बसली.” नाव कधी परत आले हे बाईंना नेमके सांगता येत नाही, चार-दोन दिवसांनी खडी फोडताना लक्षात आले की ते चाललेलेच आहे.

या प्रसंगात दुष्काळ आणि शासन किती स्पष्ट निराळे झाले आहेत ते पाहावे. तीन वर्षे पाऊस नव्हता, त्यास बाईंनी मार म्हटले नाही. पायलीभर धान्य लपविले आणि स्मरण तुटले, त्यास मार म्हटले. ते शासन त्यांना एकट्यांना झाले, दुसऱ्या कोणास दिसलेही नाही. त्याचा हेतू त्यांना कोणी समजावून सांगावा लागला नाही. आणि त्या शासनाचा शेवट शेजारणीच्या जात्यात पडलेल्या दाण्यांत झाला. ऋद्धिपूरच्या ताडनाची सगळी लक्षणे येथे आहेत. असन्निधानाच्या काळात परमेश्वर प्रत्यक्ष समोर नाही. तेव्हा त्याचे शासन कसे होते असे विचारणाऱ्याने हा प्रसंग ध्यानात ठेवावा. संकट हे प्रपंचाचे. त्या संकटात आपण जे वागतो, त्यावर अंतरी जी बोच लागते, ती कृपेची. त्या बोचणीलाच आपले शास्त्र अनुतापाच्या नावाने ओळखते, आणि अनुताप हा जीवाच्या हितासाठी आहे याविषयी आपल्यात मतभेद नाही.

यावरून आणखी एक गोष्ट निघते. शासन झाले असे फक्त ज्याला झाले त्यानेच म्हणावे. ती बाई म्हणू शकते, “मला मार बसला.” शेजारीण तसे म्हणू शकत नाही, आणि मी तर मुळीच नाही. आपल्या प्रायश्चित्तविधीतही साधक स्वतः येऊन आपला दोष सांगतो, मग अधिकरण त्यास मार्ग दाखविते. दुसऱ्याच्या दारात जाऊन प्रायश्चित्त वाटण्याची रीत आपल्याकडे नाही.

आता कठीण शंका. मिलोच्या प्रसंगात शासन ओळखू आले, कारण तेथे चूक होती. पण पुराच्या पाण्यात ज्याचे लेकरू गेले, त्याची चूक काय? तेथे कोणते हित शोधावे? माझे उत्तर असे की तेथे शोधूच नये. प्रत्येक दुःखात काही बोध दडलेला असतो, असे म्हणणे ऐकण्यास गोड आहे. शास्त्राने तसे म्हटलेले नाही. काही दुःखे केवळ दुःखेच असतात. त्यांतून बोध पिळून काढण्याचा आग्रह धरला म्हणजे माणूस एक तर खोटा बोध घेतो, नाही तर बोध सापडत नाही म्हणून स्वतःलाच दोषी समजू लागतो. ज्या काळी सीनाकाठच्या घरांतून चिखल काढावयाचा होता, त्या काळी तेथे फावडे लागत होते. निरूपण थांबू शकत होते. एका घरी पोथ्या भिजल्या होत्या. पाने एकमेकांस चिकटली होती, ती एकेक करून सोडवून सावलीत वाळविण्यात दोन दिवस गेले. त्या दोन दिवसांत त्या घरात परमेश्वराविषयी एक अक्षरही कोणी बोलले नाही, आणि ते योग्यच झाले.

मग आशा कशाची? हा शब्द आम्हा संन्याशांना जरा अवघड वाटतो. आशा सोडा असेच आम्ही सांगत आलो. वित्ताची, संततीची, स्वदेशाची, मानाची आशा सुटल्याशिवाय असतीपरीचा आचार घडत नाही. तेव्हा पुढच्या वर्षी पाऊस नक्की पडेल, वाहून गेलेली माती परत येईल, अशी आशा मी कोणास देऊ शकत नाही. ते माझ्या हाती नाही आणि तसे वचन परमेश्वरानेही कोणास दिलेले नाही. त्यासाठी माणसांनी एकत्र येऊन करावयाची कामे आहेत, आणि ती झालीही. १९७२-७३ च्या हालअपेष्टांतून महाराष्ट्रात रोजगार हमीची योजना उभी राहिली. तिचा कायदा १९७७ साली झाला आणि १९७९ पासून अमलात आला. १९८० साली भीमेवरील उजनीचे धरण पूर्ण झाले. धरण झाले म्हणून दुष्काळ संपले नाहीत, हे २०१२-१३ च्या चारा छावण्यांनी दाखवून दिले. तरी १८७६ चे मरण १९७३ साली तसेच पुन्हा आले नाही, याचे श्रेय त्या प्रयत्नांना द्यावेच लागते. पाणी अडविणे, मजुरी वेळेवर देणे, दाणा वाटणे हा धर्मच आहे, आणि मातंगांच्या विनवणीची लीळा मानणाऱ्याने त्यात मागे राहू नये. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची धान्याची कोठारे उघडल्याची कथा दुसऱ्या संप्रदायाची म्हणून आपण बाजूस ठेवतो. भुकेल्यास दाणा देण्याच्या बाबतीत तरी ते अंतर ठेवण्याचे कारण मला दिसत नाही.

पण परमेश्वराविषयीची आशा याहून निराळी आहे. ती अशी की तो आपणास टाकणार नाही. शासनाच्या उलट सुख आहे असे आपण समजतो. वस्तुतः शासनाच्या उलट उपेक्षा आहे. मायबाप लेकरास रागे भरतात, परक्याच्या लेकरास भरत नाहीत. सन्निधानातील भक्तांना ताडनाचे भय नव्हते. त्यांना भय होते ते श्रीमूर्तीच्या औदासीन्याचे. त्या दृष्टीने पाहता ज्याच्या अंतरी अजून बोच लागते, ज्याला “नाही” म्हटल्यावर झोप येत नाही, त्याच्याशी परमेश्वर अजून बोलतो आहे. ही खरी आशेची जागा. ती पावसावर अवलंबून नाही, म्हणून पावसाबरोबर जातही नाही.

आणि ज्याच्या दुःखात कोणतीच बोच नाही, केवळ रितेपण आहे, त्याच्यासाठी भटोबासांचा काळ आहे. श्रीचक्रधरस्वामी उत्तरापंथे निघून गेले तेव्हा मागे राहिलेल्या भक्तांना त्या वियोगाचा कोणताही खुलासा पुरला नाही. स्वामींनी त्यांस श्रीप्रभूंच्या स्वाधीन केले होते. ते ऋद्धिपुरास गेले आणि सेवेत राहिले. पुढे श्रीप्रभूंचेही प्रयाण झाले. तेव्हा त्यांच्या हाती स्मरणाशिवाय काही उरले नाही. ते त्यांनी एकमेकांजवळ बसून केले: कोणी एक लीळा सांगे, दुसरा तीत राहिलेले भरी, तिसरा स्थान सांगे. म्हाइंभट गावोगाव हिंडून, ज्याने जे पाहिले-ऐकले होते त्याच्याकडून ते मिळवीत होते आणि ऋद्धिपुरी वाजेश्वरीस बसून लिहीत होते. मग खिलजींच्या स्वारीच्या धामधुमीत ती मूळ प्रतही गेली. सन्निधान गेले, श्रीप्रभू गेले, आणि शेवटी पोथीही गेली. तेव्हा ज्यांना जे पाठ होते ते त्यांनी पुन्हा म्हटले, पुन्हा ताडून पाहिले, पुन्हा लिहिले. एकाच्या पाठात एक शब्द, दुसऱ्याच्या पाठात दुसरा, असे पाठभेद राहिले. तेही त्यांनी टाकले नाहीत. आज आपल्या हाती जे लीळाचरित्र आहे ते त्या दुसऱ्या लिहिण्यातले आहे.